चलान पोराचं, हप्ता बापाचा आणि जखमीच्या हातात भोपळा

गेल्या मंगळवारी दुपारी बातमी टाईप करत बसलो होतो आणि मोबाईल वाजला. ई-चलानचा मेसेज. नंबर माझ्याच गाडीचा, एमएच-५०. लिंक उघडली तर फोटो आला. विद्यानगरचा रस्ता, माझी सव्वाशे सीसीची जुनी गाडी आणि तिच्यावर तिघं. पुढं माझा पुतण्या, मधे एक जण, मागं सॅक छातीशी धरलेला तिसरा. हेल्मेट एकाच्याही डोक्यात नाही.

फोन लावला. "काका, मेसची वेळ संपत आली होती," एवढंच उत्तर. जे बोलायचं ते बोललो, ते इथं लिहिण्यासारखं नाही. दंड अर्थातच मीच भरला, कारण आरसी माझ्या नावावर.

संध्याकाळी चहाच्या गाड्यावर हा किस्सा सांगितला तर विम्याचं काम करणारा आमचा एक मित्र म्हणाला, "दादा, दंडाचं काय घेऊन बसलाय? आता चलानावर इन्शुरन्सचा हप्ता वाढणार आहे. मग बसतील सगळे वठणीवर." टेबलावरच्या सगळ्यांनी माना हलवल्या. खरं सांगतो, मीही हलवली. कराडात कॉलेज सुटायच्या वेळेला कृष्णा नाक्यावर पाच मिनिटं उभं राहून बघा, तुम्हीही हलवाल.

पण रात्री घरी येऊन हे प्रकरण नक्की काय आहे ते वाचत बसलो. आणि माझं मत बदललं. का बदललं ते सांगायला ही पोस्ट. लांब आहे, पण ज्यांच्या घरी कॉलेजला जाणारं पोर आणि दारात गाडी आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

आधी एक गैरसमज काढतो. आजच्या तारखेला तुमच्या चलानामुळे थर्ड पार्टीचा हप्ता एक रुपयानेही वाढत नाही. तो दर सरकार ठरवतं, सगळ्या कंपन्यांना सारखा. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा जो विमा असतो, त्यात क्लेम घेतला नाही तर 'नो क्लेम बोनस' मिळतो, २० टक्क्यांपासून वाढत ५० टक्क्यांपर्यंत. त्याचाही संबंध क्लेमशी आहे, चलानाशी नाही. त्यामुळे "चलान आहे म्हणून हप्ता जास्त लागला" असं कुणी सांगत असेल तर सरळ पावती मागा.

मग हे आलं कुठून? २०१९ मध्ये विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, एक कार्यगट नेमला. त्या गटाचा अहवाल जानेवारी २०२१ मध्ये आला. त्यात म्हटलं होतं की विम्याच्या हप्त्यात आणखी एक भाग जोडा, वाहतूक नियमभंगाचा हप्ता. प्रत्येक गुन्ह्याला गुण. दारू पिऊन गाडी चालवली तर १००, चुकीच्या जागी पार्किंग केलं तर १०. दोन वर्षांचे गुण मोजायचे आणि त्यानुसार दुचाकीला १०० ते ७५० रुपये, कारला ३०० ते १५०० रुपये जादा लावायचे. आधी दिल्लीत करून बघा, असंही त्यात होतं. ते तेव्हा थंड बस्त्यात गेलं. २०२४ मध्ये दिल्लीच्या नायब राज्यपालांनी केंद्रीय अर्थमंत्र्यांना पत्र लिहून तीच मागणी पुन्हा केली. २०२५ मध्ये परत बातम्या आल्या, थकीत चलान असेल तर विमा महाग करायचा विचार म्हणून. म्हणजे गोष्ट मेलेली नाही. कधीतरी ती आपल्या दारात येणार.

आता ती आपल्या गावात आली तर काय होईल ते बघू.

कराड म्हणजे कॉलेजचं गाव. १९६० पासून इथं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज आहे. मेडिकल आहे, फार्मसी आहे, सायन्स, कॉमर्स, डिप्लोमा, सगळं आहे. पाटण, ढेबेवाडी, शिराळा, कडेगाव, कुठून कुठून पोरं येतात. रूम करून राहतात, कॉट बेसिसवर राहतात. त्यांच्या रूमखाली ज्या गाड्या लागलेल्या असतात, त्यांच्या आरसीवर नाव कुणाचं असतं? एकदा बघाच. बापाचं असतं, जो तिकडं रानात भात लावत असतो. मामाचं असतं. मुंबईला गेलेल्या थोरल्या भावाचं असतं. किंवा अशा कुणाचं तरी असतं ज्याला ही गाडी आता कुठं आहे हेसुद्धा माहीत नाही.

हा शेवटचा प्रकार आपल्याकडं जोरात चालतो. शेवटच्या वर्षाचा पोरगा जाताना ज्युनियरला गाडी विकतो. टीटी फॉर्मवर, म्हणजे २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर, सही करून देतो. तारीख कोरी. फॉर्म सीटखालच्या कप्प्यात. तो ज्युनियर पुढच्या ज्युनियरला तशीच देतो. तीन हात झाले तरी आरसीवर नाव पहिल्याचंच.

आणि प्रस्ताव काय म्हणतो? वाढीव हप्ता नोंदणीकृत मालकाने भरायचा. म्हणजे मेसला उशीर झाला म्हणून ट्रिपल सीट गेलं पोरगं आणि भुर्दंड ढेबेवाडीच्या बापाला. कॅमेरा नंबर प्लेट बघतो, तोंड बघत नाही. बरं, गाडीची मालकी बदलली की गुण पुन्हा शून्यापासून, हेही त्याच अहवालात. ज्याच्या खिशात पैसे आहेत तो गुण साठले की गाडी बदलेल आणि धुतल्या तांदळासारखा होईल. ज्याच्या घरात एकच गाडी आहे तो भरत बसेल.

"अमेरिकेत असंच असतं" हे एक ठरलेलं वाक्य. माझा एक वर्गमित्र तिकडं एका विद्यापीठाच्या गावात राहतो, त्याला विचारलं. म्हणाला, असतं ना. वेगाची एक पावती झाली तर साधारण तीन वर्षं कार इन्शुरन्स महाग पडतो, आणि पोर विशीच्या आतलं असेल तर आधीच रक्कम ऐकून घाम फुटतो. पण तिकडं गुन्हा चिकटतो तो चालवणाऱ्याच्या लायसन्सला. घरातल्या कोणकोणत्या माणसाच्या हातात ही गाडी जाते ते पॉलिसी घेताना विचारतात आणि प्रत्येकाचं रेकॉर्ड बघतात. बऱ्याच राज्यांत सुरक्षित ड्रायव्हिंगचा कोर्स केला तर पावतीचा डाग पुसायची सोय आहे. चांगले मार्क असलेल्या विद्यार्थ्याला कित्येक कंपन्या सवलत देतात. म्हणजे पोराला समजतं की आपण काय केलं तर महाग पडेल आणि काय केलं तर स्वस्त. आपण त्यातला फक्त 'महाग' हा शब्द उचलणार आणि तो बापाच्या डोक्यावर ठेवणार.

पण हेही मी चालवून घेतलं असतं. बाप भरेल, पोराच्या कानाखाली वाजवेल, पोरगं सुधारेल असं मानलं असतं. माझी खरी हरकत वेगळी आहे, आणि ती सांगायला एक जुनी गोष्ट सांगावी लागेल.

बरीच वर्षं झाली. मी एका अपघाताची बातमी दिली होती. चार ओळींची, आतल्या पानावर. पहाटे डेअरीला दूध घालून सायकलवरून परतणाऱ्या एका म्हाताऱ्या माणसाला दुचाकीने उडवलं. खुबा मोडला. चालवणारा कॉलेजचा पोरगा, त्यालाही लागलं होतं. नंतर वर्षभराने त्या म्हाताऱ्याचा मुलगा मला भेटला. ऑपरेशनसाठी दोन म्हशी विकल्या होत्या. म्हणाला, "साहेब, केस टाकलीय, पण गाडीला विमाच नाही." गाडी सीनियरकडून घेतलेली. आरसीवर नाव तिसऱ्याच माणसाचं, जो छोटंसं सायकलचं दुकान चालवायचा. गाडी विकून तो मोकळा झाला होता, असं त्याला वाटत होतं. कायदा तसं मानत नाही. ज्याचं नाव सरकारी नोंदीत तोच मालक, असं सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्वच्छ सांगितलंय. चार-पाच वर्षांनी भरपाईचा निकाल त्या दुकानदाराविरुद्ध लागला. तो देणार कुठून? निकालाचा कागद त्या घरात देवळीत ठेवलेला मी बघितलाय. त्यावर एक रुपया मिळालेला नाही. म्हातारा आता नाही.

थर्ड पार्टी विमा ज्यासाठी असतो ते हे. तो गाडीसाठी नसतो, गाडीवाल्यासाठीही नसतो. तो त्या सायकलवाल्यासाठी असतो. तुमच्या गाडीने ज्याला लागेल त्याला, तुमची ऐपत असो वा नसो, भरपाई मिळावी म्हणून कायद्याने तो सक्तीचा केलाय. चालवणाऱ्याकडं लायसन्स नव्हतं अशा प्रकरणातही कोर्ट बऱ्याचदा कंपनीला सांगतं, आधी जखमीचे पैसे द्या, मग मालकाकडून वसूल करा. पण पॉलिसीच नसेल तर कोर्ट कुणाला सांगणार? विमा नसलेली गाडी अपघातानंतर जप्त करून विकायची आणि ते पैसे भरपाईत द्यायचे, असाही आदेश आहे. दहा वर्षांच्या जुन्या मोटारसायकलला काय येतात ते भंगारवाल्याला विचारा.

आता हिशेब मांडू. ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीचा थर्ड पार्टी हप्ता १ जून २०२२ पासूनच्या दराने ७१४ रुपये. जीएसटी धरून ८४२. त्यावर चलानाचे कमाल ७५० टाका. म्हणजे विमा दुपटीच्या आसपास गेला. ज्या पोराच्या महिन्याच्या मेसचं गणित शंभराच्या नोटांत चालतं, ते पोरगं काय करेल? हप्ता भरेल की तसंच फिरवेल? विमा नसल्याचा दंड पहिल्यांदा २००० आहे, पण तो पकडलं तर. पोरं 'पकडलं तर'वर जगतात. आपणही त्या वयात तसेच जगलो.

त्यात अजून एक मेख आहे, ती कुणी बोलत नाही. १ सप्टेंबर २०१८ पासून नवीन दुचाकी घेताना पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच काढावा लागतो. कारला तीन वर्षांचा. चांगला निर्णय, सुप्रीम कोर्टामुळे झाला. पण पाच वर्षांनी काय होतं? पहिला मालक गाडी विकायला काढतो. आणि विकत कोण घेतं? कॉलेजचं पोरगं. म्हणजे गाडी नेमकी विमा संपायच्या सुमाराला पोरांच्या हातात येते. तिथून पुढं दरवर्षी विमा काढायचं कुणाच्या डोक्यात? ज्याचं नाव आरसीवर आहे त्याला गाडीशी देणंघेणं नाही, ज्याच्याकडं गाडी आहे त्याचं नाव कागदावर नाही. अशा गाडीवर हप्ता आणखी चढवा, म्हणजे राहिलेसाहिलेही सोडून देतील.

हे माझं कल्पनेतलं भूत नाही. हा प्रयोग देशात एकदा होऊन गेलाय. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं की पीयूसी नसेल तर विम्याचं नूतनीकरण करू नका. हेतू चांगला होता, प्रदूषण कमी व्हावं. झालं काय, की पीयूसी नाही म्हणून विमाही नाही. शेवटी विमा कंपन्यांची परिषदच कोर्टात गेली आणि म्हणाली की देशातली सुमारे ५५ टक्के वाहनं विम्याशिवाय फिरतायत, अपघातग्रस्तांना भरपाई मिळेना. जुलै २०२४ मध्ये कोर्टाने ती अट काढून टाकली. विम्याच्या खांद्यावर दुसऱ्या कुठल्या तरी शिस्तीचं ओझं ठेवलं की विमाच खाली पडतो, हे आपण सात वर्षं घालवून शिकलो. आणि आता परत चलानाचं ओझं ठेवायला निघालोय.

"पण पैसेवाल्यांच्या पोरांना तरी चाप बसेल," असं चहाच्या टेबलावर एक जण म्हणाला. बसेल का? १५०० सीसीच्या वरच्या कारचा थर्ड पार्टी हप्ता ७८९७ रुपये. त्यावर जादा जास्तीत जास्त १५००, म्हणजे पाचव्या हिश्शाहूनही कमी. गाडीचा फुल विमा काढलेला असेल तर ही रक्कम त्यात दिसणारही नाही. १९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या पोराच्या हातातल्या पोर्शेने दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. त्या घराला दीड हजाराने काय फरक पडला असता? त्याला तर सुरुवातीला तीनशे शब्दांच्या निबंधावर जामीन मिळाला होता. स्प्लेंडरवाल्याला दुप्पट आणि पोर्शेवाल्याला चहापाणी, याला शिस्त म्हणत नाहीत.

मग पोरांना मोकाट सोडायचं का? अजिबात नाही. माझ्या पुतण्याची गाडीची चावी तीन महिन्यांसाठी माझ्याकडं आहे. तीनच महिने का? कारण कायद्यात तेवढेच लिहिलेत. ट्रिपल सीटला आणि हेल्मेट नसण्याला दंडाबरोबरच तीन महिने लायसन्स रद्द राहील, असं २०१९ च्या दुरुस्तीत लिहून ठेवलंय. अल्पवयीन मुलाला गाडी दिली तर पालकाला किंवा मालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, पोराला पंचवीस वर्षांचं होईपर्यंत लायसन्स नाही. नवीन काही शोधायची गरजच नाही. तुमच्या ओळखीत ट्रिपल सीटसाठी किती जणांचं लायसन्स गेलंय, आठवून बघा. मला एकही आठवत नाही. लायसन्स गेलं की चालवणाऱ्याला लागतं, बापाला नाही. आणि गाडीचा विमा जागेवर राहतो.

दुसरं, कॉलेजांनी करायचं. पार्किंगचा स्टिकर देताना लायसन्स, आरसी आणि विम्याची मुदत बघा. विमा नाही तर गाडी गेटच्या आत नाही. याला कायदा लागत नाही, प्राचार्यांची एक नोटीस आणि गेटवरच्या मामांना एक रजिस्टर लागतं. आपल्या गावात कॉलेजांच्या गेटवर हे झालं तर दोन महिन्यांत निम्मं काम होईल. मी या आठवड्यात दोन-तीन प्राचार्यांना भेटणार आहे. कुणाला सोबत यायचं असेल तर सांगा.

तिसरं, एसटी. विद्यार्थ्यांना पासात दोन तृतीयांश सवलत आहे, बारावीपर्यंतच्या मुलींना तर प्रवास मोफत. पण पास हातात असून संध्याकाळच्या प्रॅक्टिकलनंतर गाडी नसेल, तर पोरगं बापाकडं मोटारसायकलच मागणार. कॉलेज सुटायच्या वेळा आणि एसटीच्या वेळा एकदा शेजारी शेजारी ठेवून बघायला काय हरकत आहे?

आता शेवटचं, आणि हे लिहायची मला लाज वाटतेय. पण नाही लिहिलं तर वरचं सगळं लिहायचा मला अधिकार नाही.

त्या रात्री हे सगळं वाचत असताना सहज स्वतःच्या गाडीचा नंबर ॲपमध्ये टाकला. विमा संपून चार महिने झाले होते. चार महिने ती गाडी विद्यानगरच्या रस्त्यावर तिघा-तिघांना घेऊन फिरत होती, माझ्या नावावर. मी, ज्याने त्या दूधवाल्याची बातमी दिली. मी, ज्याने तो देवळीतला कागद बघितला. त्या पोरांनी त्या चार महिन्यांत एखाद्या सायकलवाल्याला उडवलं असतं तर तसाच एक कागद दुसऱ्या कुणाच्या तरी देवळीत गेला असता आणि त्यावर नाव माझं असतं. चूक पुतण्याची नाही, एजंटाची नाही. माझी.

सकाळी उठून पहिलं काम ते केलं. ८४२ रुपये. घरी बसून, पाच मिनिटांत.

म्हणून सरकारला सांगणं एवढंच, की पोरांना शिक्षा करा, जबर करा, पण ती लायसन्सवर करा. थर्ड पार्टीच्या हप्त्याला हात लावू नका. तो हप्ता स्वस्त ठेवा, सोपा ठेवा आणि तो नसेल तर गाडी रस्त्यावर येऊ देऊ नका.

आणि तुम्हाला सांगणं त्याहून सोपं आहे. ही पोस्ट लाईक करायच्या आधी उठा, तुमच्या नावावरच्या प्रत्येक गाडीच्या विम्याची तारीख बघा. विकलेली पण नावावर राहिलेली असेल तर तीसुद्धा. बघून झालं की कमेंटमध्ये फक्त 'बघितली' असं लिहा. संपलेली निघाली तर तेही लिहा, लाजू नका. सुरुवात मी केलीच आहे.

पटलं तर गावातल्या ग्रुपवर टाका. नाही पटलं तर वाद घाला, मी इथंच आहे.

आणि पुतण्या, तू हे वाचतोयस हे मला माहीत आहे. चावी एवढ्यात मिळणार नाही. चालत जा मेसला.